हे येतात

ताईच्या तळहातांवरचे ठिपके तांब्याच्या रंगाचे होते आणि ते खाजत नव्हते. न खाजणारं पुरळ मला आवडत नाही. डोळेही पिवळे दिसत होते. मी तिचं रक्त माझ्याच प्रयोगशाळेत तपासलं. काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या कोऱ्या आल्या, सिफिलिसची मात्र होकारार्थी निघाली. लागण ताजी होती, गेल्या काही महिन्यांतली, आणि यकृतापर्यंत पोहोचली होती.

भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेही काविळीनंच गेले. लोकांनी दारूला बोल लावला. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. सिफिलिससाठी त्यांचं रक्त तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"ताई, कोण येतं तुझ्याकडे?"

"हे येतात."

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे हे. किती नवरे आहेत मला?" ती हसली. "दुपारी येतात, जरा पडतात. बोलत नाहीत फारसं. आधी तरी कुठे बोलायचे?"

मला कुणा परक्या माणसाचा संशय आला. तिला पेनिसिलीन टोचलं आणि तिच्याकडेच राहायला गेले. डोळे निवळले, चाचणीचा आकडा उतरला. बाहेरच्या दाराची कडी मी स्वतः लावत होते. कुणी आलं नाही. फक्त दुपारी ती आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायची, आणि नंतर चादर दोन्ही बाजूंना चुरगळलेली असायची.

मग आकडा पुन्हा चढला. दुसऱ्या प्रयोगशाळेतही तोच आला. म्हणजे नवी लागण. यकृत बरगडीखाली हाताला लागत होतं. असंच चाललं असतं तर ती वाचली नसती.

"येऊ नका म्हण त्यांना."

"तूच म्हण. मला नाही जमायचं." ती भिंतीकडे वळली. "किती वाट बघितली गं मी."

एकट्याला औषध देऊन भागत नाही, जोडीदारालाही आणा, असं मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. घरी मात्र ते तोंडून निघत नव्हतं.

त्या दुपारी मी दोन सिरिंजा भरून तिच्या खोलीत गेले. ताई पलंगाच्या एका कडेला अंग चोरून पडली होती. तिनं दुसऱ्या सिरिंजकडे पाहिलं.

"हे सुईला घाबरतात," ती हळूच म्हणाली.

मी आधी तिला टोचलं. मग पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले.

उशीला खळगा होता.

हात लावला. कोमट.

"भाऊजी," मी म्हणाले, "कुशीवर वळा."