फ्रिजचं दार कोण उघडं ठेवतं?

ही गोष्ट रचलेली नाही. जलजाक्षीने स्वतः सांगितलेली आहे, आणि ही बाई भुताखेतांचं नाव काढलं की नाक मुरडणारी.

तरीही ती एकटी असताना फ्रिज उघडत नाही.

घर उडुपीच्या दक्षिणेला, कापूजवळ, समुद्राला अगदी लागून. आटी अमावास्येच्या, म्हणजे तिकडच्या आषाढातल्या अवसेच्या, आधीचे दिवस. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कपडे वाळत नव्हते, काडी पेटत नव्हती, बोटी वर ओढलेल्या होत्या.

आणि नेमका अशात फ्रिज बिघडला.

सकाळी बघावं तर आत उकाडा. डोशाचं पीठ भांड्याबाहेर आलेलं, दूध नासलेलं. वरच्या कप्प्यात मात्र बर्फाची भिंत. चाकूने खरवडली तरी हलेना.

मेकॅनिक विल्ली आला. त्याने थर्मोस्टॅट बदलला, गॅस तपासला. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला. कागद घट्ट धरला गेला.

"जलजक्का, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुमच्यात कोणीतरी दार उघडं ठेवून उभं राहतंय. बाहेरची दमट हवा आत जाते, तिचा बर्फ होतो. मग फ्रिज काय गार करणार, कपाळ?"

"आम्ही घरात तीन माणसं. कोण उभं राहणार?"

"ते मी कसं सांगू? दार उघडं राहतंय, एवढं खरं."

तो गेल्यावर घरात जुंपली. जलजाक्षीचा नवऱ्यावर संशय. मासेमारी बंदीच्या दिवसांत वामन घरीच असायचा आणि सारखं काहीतरी तोंडात टाकायचा.

"मी?" वामन उखडला. "आई दुपारी ताक प्यायला उठते, तिला विचार."

"माझे गुडघे मला चुलीपाशी नेत नाहीत, फ्रिजपाशी काय नेणार?" सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ. पुन्हा विल्ली. पुन्हा तेच उत्तर. जलजाक्षीचं डोकं उठलं. पीठ वाटायचं आणि फेकायचं, आमटी करायची आणि फेकायची. फ्रिज उचलून समुद्रात टाकावा, असं तिला वाटायला लागलं.

मग ती दुपार आली.

तिघंही ओसरीवर बसले होते. सासू फणसाच्या आठळ्या सोलत होती, वामन जाळं दुरुस्त करत होता. जलजाक्षी नुसती बसली होती, वैतागून.

स्वयंपाकघरातून आवाज आला...

चप्प.

फ्रिजचं रबर सुटतं, तो आवाज.

जलजाक्षीने सासूकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. दोघंही समोरच होते.

मग झाकण सरकल्याचा आवाज... आणि बराच वेळ काहीच नाही.

वामन धावत गेला. दार बंद होतं, पण खालच्या फरशीवर पाणी होतं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारट," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "इथे सगळंच खारट असतं."

त्याने जाळ्याची दोरी घेतली आणि फ्रिज आवळून बांधला. कोळ्याची गाठ, बांधणाऱ्याशिवाय कोणाला सुटायची नाही.

सकाळी गाठ जशीच्या तशी होती.

त्याने ती सोडली. दार उघडलं...

आत उकाडा. वर बर्फाची भिंत. आमटीच्या मडक्यावरचं झाकण काढून मधल्या कप्प्यात ठेवलेलं. उलटं.

या घरात झाकण असं उलटं ठेवायची सवय एकालाच होती. समुद्रावरून आला की अंग न पुसता फ्रिज उघडायचा, दार तसंच ठेवून उभ्या उभ्या गार आमटी ओरपायचा, आणि जलजाक्षीच्या शिव्या खात हसायचा.

लोहित. वामनचा धाकटा भाऊ.

गेल्या वर्षी तो आणि शेजारचा भोजा छोटी होडी घेऊन गेले होते. होडी उलटी सापडली. माणसं सापडली नाहीत.

मेलेल्यांसाठी आटीत पान वाढतात. लोहितसाठी वाढायचं वामनने साफ नाकारलं होतं. "पान वाढलं म्हणजे तो मेला," असं म्हणून त्याने विषयच बंद केला होता. कोणाच्या तरी ट्रॉलरने उचललं असेल, कुठल्यातरी बंदरात असेल, फोन येईल. वर्षभर तो हेच म्हणत होता.

सासू भिंत धरून स्वयंपाकघरात आली. झाकणाकडे बघून म्हणाली, "वामना, पोर उपाशी आहे रे."

"आई, गप्प बस."

"किती दिवस उभं ठेवणार आहेस त्याला? बसायला पान तरी दे."

वामनने दोरी भिंतीवर फेकली. "मी माझ्या हाताने त्याला मारू? फ्रिज बिघडला म्हणून?"

थोड्या वेळाने तोच उठला आणि कोंबडी आणायला गेला.

संध्याकाळी आतल्या खोलीत पान मांडलं. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या रोट्या, आणि सासूच्या हट्टाने एका मडक्यात कालची गार आमटी. दिवा लावून दार लोटलं आणि तिघं बाहेर बसले.

जेवणाऱ्याला वेळ द्यायचा, मग घरच्या कर्त्याने खाकरून दार उघडायचं, अशी रीत.

वामनला खाकरता येईना. शेवटी म्हातारीनेच खोकून दार ढकललं.

पानावरचं सगळं जिथल्या तिथे होतं.

सकाळी जलजाक्षीने वामनला हाक मारली. त्याने फ्रिजमध्ये हात घातला.

गार होता. दूध, पीठ, मडकं, सगळं गार.

वामन हात आत ठेवूनच खाली बसला आणि वर्षात पहिल्यांदा रडला. भाऊ गेल्याची बातमी त्याला त्या गारव्याने दिली. जलजाक्षीने दार बंद केलं नाही. त्या दिवशी कोणीच केलं नाही.

फ्रिज अजून उत्तम चालतो. विल्ली म्हणतो, शेवटी थर्मोस्टॅटच लागू पडला. असेलही.

पण त्याच आठवड्यात भोजाची बायको, गुलाबी, कुंपणापाशी आली. तिच्या गळ्यात काळे मणी अजून होते.

"जलजक्का, तुमच्या त्या मेकॅनिकचा नंबर देता का?" ती म्हणाली. "काय झालंय कळत नाही. आमचा फ्रिज गारच होत नाही... सासूबाई म्हणतात, मीच दार उघडं ठेवते."

जलजाक्षीने तिला नंबर दिला.

दुसरं काही सांगायला तिची जीभ रेटली नाही.