त्याच ग्लासात दूध

पहिल्याच भेटीत मी कल्याणला असं झापलं, की टेंभुर्णीचा अख्खा बाजार वळून बघायला लागला.

झालं काय — कॉलेजात बायोलॉजीचे तास घेऊन मी घरी निघाले होते. बघते तर त्याच्या हॉटेलासमोरच्या बाकावर आमची रूपाली वहिनी! पाचवा महिना, आणि हातात वाफाळता चहा. सकाळपासूनचा कितवा, कोण जाणे. मी सरळ ग्लासच हिसकावला.

"मॅडम, चहा हाय तो, दारू न्हाई," गल्ल्यावरून कल्याण म्हणाला.

"पोटातल्या बाळाला सारखा सारखा चांगला नाही! चहातलं कॅफिन नाळेतून बाळापर्यंत जातं, आणि त्याला ते पचवता येत नाही. तिकडं मेंदू घडत असतो. नेमका किती परिणाम होतो ते अजून शोधताहेत लोक... पण तोवर आमच्या बाळावर प्रयोग नको."

"मंग बिलकुलच बंद?"

"सकाळ-संध्याकाळ छोटा कप चालेल. दिवसभर नाही."

वहिनीचे डोळे भरले. "वन्सं, मी काय हौसेनं पिते का? जिथं टेकावं तिथं चहा. न्हाई म्हणलं की 'आमच्या घरचा चालत न्हाई का' म्हणून लोक तोंड फुगवतात."

खरंच होतं ते. आपल्याकडं चहा नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं.

दुसऱ्या दिवशी कल्याणनं हाक मारली. "मॅडम, हे चाखा."

तोच चहाचा ग्लास, पण आत गरम दूध, गूळ आणि वेलदोडा. "गूळ भांडं उतरवल्यावर टाकायचा, न्हाईतर दूध फाटतं," तो मान खाली घालून म्हणाला. "आजपासून पोटुशी बाई आली की हेच देऊन राह्यलो. ग्लास तोच, मान तोच. पाहुणचार केल्याचं समाधान बी राहतं."

अगं बाई! मी इतकं शिकले आणि हे मला सुचलं नाही. ग्लास घेताना बोटाला बोट लागलं, आणि त्याचे कान लालेलाल झाले. मला तर हसूच आवरेना.

हळूहळू त्याचं बघून घराघरात वहिनीपुढं दूध यायला लागलं. मी मात्र रोज हॉटेलावर थांबायला लागले.

"मॅडम, तुम्ही तर पोटुशा न्हाई... मंग दूध का?"

"दूध प्यायला येते, असं कुणी सांगितलं?"

तो पातेल्यात बघत राहिला. दूध उतू गेलं!

मग अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शहागडचं स्थळ आणलं. मुलगा इंजिनियर. मी तडक हॉटेल गाठलं.

"रविवारी पाहुणे येताहेत. मला बघायला."

त्याचा हात थांबला. "बरं... चहा जरा कडक करा."

"आणखी काही?"

"न्हाई."

असा राग आला मला! मला बघायला लोक येताहेत, आणि हा चहा कडक करायला सांगतोय. "कल्याण, माझ्याकडं बघून सांग."

त्यानं बघितलं. डोळे पाण्यानं भरलेले. "तुम्ही एमएस्सी... मी चहावाला. कोणत्या तोंडानं मागू?"

"ज्या तोंडानं मला मॅडम म्हणतोस, त्याच तोंडानं. शहागडला नकार आधीच कळवलाय मी, पाहुणे येताहेत म्हणाले ते तुझं मन बघायला. अण्णा घरात रुसून बसलेत. रविवारी तू ये, आईला घेऊन. आणि चहा मी नाही करणार, मला जमत नाही."

रविवारी आमच्या चुलीवर तो चहा करत होता, पाहुणा असून! त्याची आई वहिनीशेजारी, आणि अण्णा कोपऱ्यात गाल फुगवून बसले होते. कल्याणनं आधी वहिनीपुढं दुधाचा ग्लास ठेवला, मग अण्णांपुढं चहा. अण्णांनी वहिनीच्या ग्लासाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"आमच्या सुनेची इतकी काळजी करतोस... पोरीची करशील का?"

"बराबर करीन, अण्णा."

अण्णांनी ग्लास उचलला आणि घोट घेतला. आपल्याकडं चहा घेणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीनं मला जोरात चिमटाच काढला.

सगळ्यात शेवटी माझा ग्लास आला. चहाचा. देताना तो कानाशी हळूच म्हणाला, "आत्ता पिऊन घे, प्रियदर्शनी... पुढं कधीतरी तुलाबी दूधच मिळंल."

त्याच्या तोंडातल्या मॅडम गेल्या होत्या. आता कान माझे लाल झाले.

"आधी लग्न तर कर!" मी म्हणाले आणि सगळा चहा पिऊन टाकला.