छाटलेल्या कडा

आमच्या मोहिमेचा हेतू एकच होता. दुसऱ्या धबधब्याखालचा मोठा मासा माझ्या सासऱ्यांच्या गळाला एकदा तरी लागावा. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते, आणि त्यानंतर डोंगर चढता येईल याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती.

मी व्यवसायाने पुस्तकबांधणी करणारा. मासेमारीतले मला ओ की ठो कळत नसे, म्हणून लग्नानंतरच्या आठ वर्षांत मामांनी मला नदीवर नेले नव्हते. परंतु गळ-दोऱ्यांचा दुकानदार दर शनिवारी एक खबरपत्र हाताने लिही व त्याच्या प्रती गिऱ्हाइकांना वाटी. कोणत्या वळणावर, कोणत्या हवेत, किती वाजता, कोणत्या आमिषाला, केवढा मासा लागला, हे सर्व त्यात असे. मामांकडे न वाचताच साचलेली दोन वर्षांची पत्रे मी मागून घेतली, तारखेप्रमाणे लावली, शिवली, कटिंग मशीनवर तिन्ही कडा सफाईने छाटल्या आणि निळ्या कापडात बांधली. मग आठवडाभर त्यांचे अध्ययन केले.

"दोन दिवस ढगाळ गेले की दगडी बेटापाशी मोठे मासे लागतात," मी मामांना सांगितले. "आमिष गांडुळाचे. मात्र दुपारी दोननंतरची एकही नोंद नाही. त्या वेळी मासे विश्रांती घेत असावेत."

"म्हणजे जेवून वामकुक्षी घेतात म्हणा, जावईबापू," मामा म्हणाले. पण निळे पुस्तक त्यांनी आपल्या पिशवीत घातले.

तिसरा गडी माझा मेहुणा. तो ट्रक चालवतो. माल बांधायचा जाड दोर खांद्यावर टाकून तो आला, तेव्हा मामांनी विचारले, "मासा आणायचाय की म्हैस?"

"असू द्या. दोर कधी खायला मागत नाही," मेहुणा म्हणाला.

उजाडताच आम्ही प्रयाण केले. वाट ओल्या दगडांची आणि काटेरी झुडपांची होती. मामा काठी टेकीत चढत होते, आणि दर वळणावर गुडघ्याला विसावा देण्यासाठी नव्हे, तर झाडांची स्तुती करण्यासाठी थांबल्याचे दाखवीत होते. दहाच्या सुमारास, दुसऱ्या धबधब्याच्या खालच्या अंगाला, दोन काठांच्या मधोमध ते काळे दगडी बेट दिसले. काठापासून तेथवर दगडांची ओळ होती आणि पाणी जेमतेम घोट्याएवढे. ढगांखाली सारे पात्र शिशासारखे स्तब्ध पसरले होते. इतके समाधान मला दुकानातल्या खुर्चीवर कधी लाभले नव्हते.

बारापर्यंत चार लहान मासे लागले. दोन वाजले. मी पुस्तक उघडून म्हणालो, "मामा, आता आवरू या."

"पुस्तकातले मासे झोपले असतील. हा जागा आहे," मामा हळूच म्हणाले. त्यांच्या गळाची काठी कमानीसारखी वाकली होती.

दोरा सर्रकन धावला! मामा मागे रेलले. मासा खोल गेला, वळला, पुन्हा धावला. अर्धा तास हीच झुंज चालली. मी जाळी घेऊन वाकलो, आणि माझ्या चपलेत पाणी शिरले.

क्षणापूर्वी तो दगड कोरडा होता.

मी मागे पाहिले. दगडांची ओळ नाहीशी झाली होती! पाणी गढूळ झाले होते आणि वरून घरघर ऐकू येत होती.

"धरणाचं पाणी सोडलंय," मेहुणा म्हणाला. त्याने दोर कमरेला बांधला आणि उडी घेतली. प्रवाहाने त्याला खाली ओढले. तो बुडाला, वर आला, शेवटी मुळ्यांना धरून काठावर चढला. दोराचे एक टोक त्याने झाडाला बांधले. दुसरे मी बेटावरच्या सुळक्याला आवळले. पाणी गुडघ्यापर्यंत आले.

"मामा, दोन्ही हातांनी दोर धरावा लागेल."

मामा हलले नाहीत. तेवढ्यात मासा वर आला. सोनेरी, रुंद, माझ्या हाताहून लांब पाठ! आम्ही दोघांनी ती पाहिली. मामांनी एक दीर्घ श्वास सोडला.

"कातडं कापायची सुरी आहे ना खिशात? कापा, जावईबापू."

मी दोरा कापला. मामा पुढे, मी मागे. पाणी कमरेला, मग छातीला! मध्येच त्यांचा गुडघा दुमडला. मी त्यांना खांद्याने रेटून धरले. मेहुण्याने त्यांची कॉलर पकडली आणि आम्ही गवतावर कोसळलो.

 मग मामा हसू लागले. "मी तीस वर्षं म्हणत होतो, आहे म्हणून."

"मला नाही दिसला," मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराकडे गेलो. मामांच्या पिशवीतले ओले पुस्तक चाळून त्याने विचारले, "माझा समास कुठं गेला?"

"छाटला. कडा सरळ असाव्यात म्हणून."

"अहो, धरण सोडायची वेळ मी समासात लिहितो. मधली जागा माशांना लागते. म्हणून तर सगळे दोनच्या आत परततात."

माझी मान खाली गेली. मामांनी मात्र कोरा कागद पुढे ओढला आणि माझ्या हाती पेन दिले. त्या शनिवारचे खबरपत्र माझ्या अक्षरात निघाले. पाणी सोडण्याची वेळ मी मधोमध, सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिली. त्याखाली मामांनी सांगितले तसे उतरवले:

'दगडी बेट. आमिष गांडूळ. मासा एक. वजन ठाऊक नाही. सोडून दिला.'

"आणखी एक ओळ," मामा म्हणाले. "नाहीतर हा ट्रकवाला जन्मभर मला खोटं ठरवील. लिहा, साक्षीदार: जावई."