रांग सोडायची नाही

भयकथा म्हटली की अमावस्येची रात्र लागते, ओसाड रस्ता लागतो. इथे दोन्ही नाही. हे घडलं भर दुपारी, शेकडो माणसांत, आइस्क्रीमच्या गाड्यांशेजारी.

आणि हे घडलेलं आहे. संध्या माझी सख्खी मावशी. मी फिजिक्स शिकलेली मुलगी, ऐकलेल्या गोष्टीला तिखटमीठ लावायची मला सवय नाही. मावशीनं जे पाहिलं आणि योगेशमामानं जे ऐकलं, तेवढंच खाली आहे. त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न मी केला होता. तो सोडून दिला. सांगायच्या सोयीसाठी इथे सगळ्यांची नुसती नावं घेते.

साल २००२. मे महिना.

संध्याचा नवरा अमित याचं दिंडोरीत खताऔषधांचं दुकान. द्राक्षाचा पट्टा, त्यामुळे फवारणीच्या औषधांना खप मोठा. त्या वर्षी एका कंपनीनं टार्गेट गाठणाऱ्या डीलरांना सहकुटुंब मलेशियाला नेलं. नाशिक जिल्ह्यातले बरेच डीलर, त्यांच्या बायका, पोरं, सोबत चिवड्याचे आणि खाकऱ्यांचे डबे. संध्या पहिल्यांदाच विमानात बसली. तिचा मयूर तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागलेला.

मयूर म्हणजे बडबड. दिवसभर तोंड चालू. दुधावर सायीचा ठिपका दिसला तरी पेला ढकलून द्यायचा. आईला हाक मारायचा तीही लांबवून, शेवटी आवाज वर नेऊन. "आईऽऽ?" प्रत्येक वेळी प्रश्न विचारल्यासारखी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी डोंगरावरच्या एका मोठ्या पार्कमध्ये नेलं. ढग अगदी पाळण्यांपर्यंत उतरलेले. आतमध्ये एक होडीची राईड होती. अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावर होडी जायची, दोन्ही बाजूंना हलणाऱ्या बाहुल्या आणि एकच एक गाणं.

रांग लांबलचक. मयूर कंटाळला, सारखा बाजूला पळू लागला. संध्यानं त्याला दंडाला धरून रांगेत उभं केलं.

"रांग सोडायची नाही. सोडली की नंबर गेला. मग सगळे घरी जातील आणि तू बस इथेच."

कुठलीही आई म्हणते तसं ती म्हणाली.

होडीत ती आणि मयूर पुढे, अमित मागे. बोगद्यात वळण आलं आणि लाइट गेली. गाणं थांबलं. होडी थांबली. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना.

मयूर किंचाळला. एकदाच.

मग...

काही नाही. रडणं नाही, हुंदका नाही. पाण्याचा आवाजसुद्धा नाही.

त्याचा हात तिच्या हातात होता. तो सुटला नव्हता. हे मी मावशीला अनेकदा विचारलंय, आणि प्रत्येक वेळी तिचं उत्तर तेच आहे. हात सुटला नव्हता. फक्त तो आधी घामेजलेला होता, आणि नंतर कोरडा झाला.

लाइट आली. मयूर सरळ समोर बघत बसला होता. शहाण्यासारखा.

संध्याचं माहेर सटाण्याकडचं. तिच्या घरात एक रीत होती. नवख्या जागी लेकरू भ्यालं, तर तिथून निघायच्या आधी आईनं त्याला नावानं मोठ्यांदा हाक मारायची. 'चाल मयूर, घर चाल.' लेकरानं ओ द्यायची. मग मागे न बघता निघायचं. नाही तर पोर घरी येतं आणि जीव तिथेच राहतो. जत्रेतून, नदीवरून, अगदी दवाखान्यातून निघतानाही संध्यानं ही हाक मारलेली. तिच्या आईनं एक गोष्ट मात्र बजावून ठेवलेली. हाक मारताना जवळ दुसरं पोर नको. हाक कुणासाठी मारली याला अर्थ नसतो. जो आधी ओ देईल, हाक त्याची होते.

बाहेर आल्यावर संध्या राईडच्या दाराकडे तोंड करून थांबली. तिनं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात अमितनं तिचा दंड धरला. सगळे डीलर तिथेच उभे होते. सटाण्याच्या एका डीलरला ही रीत ठाऊक असावी. तो हसत म्हणाला, "अमितशेठ, वहिनी मलेशियाच्या भुतांना अहिराणी शिकवणार वाटतं."

मोठा हशा झाला. अमितही हसला. मग दात तसेच ठेवून हळू आवाजात म्हणाला, "इथे तमाशा नको. काय हाका मारायच्या त्या बसमध्ये मार."

ती बसमध्ये जाऊन बसली. मयूर मांडीवर. तिनं त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, "चाल मयूर, घर चाल."

त्यानं ओ दिली नाही. खिडकीबाहेर बघत राहिला.

बस सुरू झाली. काचा बंद, एसी चालू. आणि तरीही संध्याला ऐकू आलं... मागून, पार्कच्या फाटकाकडून...

"आईऽऽ?"

तिनं मांडीवर पाहिलं. मयूरचे ओठ मिटलेले होते.

ती उठली नाही. सगळे बघत होते.

दिंडोरीला परतल्यावर आठवडाभर सगळे म्हणाले, पोरगं प्रवासानं दमलंय. मग सगळे म्हणू लागले, पोरगं सुधारलंय. हट्ट नाही, आरडाओरडा नाही. ताटात वाढलं ते संपवायचा. दुधावरची साय बोटानं काढून खायचा. शाळेत पहिला आला. अमित दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगायचा, फॉरेनचं पाणी लागलं आमच्या पोराला.

संध्याला मात्र दोन गोष्टी दिसत होत्या.

एक, तो कुठल्याही खोलीत आपणहून शिरत नसे. उंबऱ्यापाशी उभा राहायचा. ये म्हटलं की यायचा.

दुसरी, तो नावाला ओ देत नसे.

नाशिकला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान उत्तम. मग दिवाळीत तिचा धाकटा भाऊ योगेश आला. योगेश इंजिनिअर, बहिणीच्या बोलण्याला हसला. म्हणाला, तपासून पाहू. मयूर चित्र काढत बसला होता. योगेश त्याच्या पाठीमागे, पडद्याआड उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात एकेक शब्द म्हणू लागला. पाणी. पोरानं मान वळवली. चेंडू. मान वळवली. फटाके. मान वळवली.

मयूर.

काही नाही. पेन्सिल चालूच.

मग पतंग. मान वळली. पुन्हा मयूर. काही नाही.

योगेशनं हे बराच वेळ, शब्द उलटसुलट करून केलं. शेवटी पोरानं पेन्सिल खाली ठेवली आणि पडद्याकडे बघून शांतपणे विचारलं, "मामा, तो इथे नाहीये. त्याला कशाला बोलावतोस?"

योगेश त्यानंतर हसला नाही.

संध्या अमितच्या मागे लागली, आपण परत जाऊ, मला एकदा हाक मारू द्या. अमितचं उत्तर ठरलेलं असायचं. असा पोरगा मिळायला लोक नवस बोलतात आणि तुला तो जुना रडका हवाय. एकदा चिडून तो म्हणाला, "समजा तू म्हणतेस ते खरंय. तरी मला हाच बरा आहे."

त्या दिवशी ती त्याच्याशी या विषयावर शेवटचं बोलली.

२००६ साली योगेशला क्वालालंपूरला नोकरी लागली. त्याचं आणि संध्याचं फोनवर ठरलं. एका रविवारी दुपारी तो त्या पार्कमध्ये जाणार, राईडपाशी मोबाईलचा स्पीकर चालू करणार. हाक आईनंच मारायची.

दुसरं पोर जवळ नको होतं. संध्यानं अमितला आणि मुलाला दप्तर आणायला मोटरसायकलवर नाशिकला पाठवलं. गाडी वळणाआड गेलेली पाहिली. पुढच्या दाराला आतून कडी घातली. देवापाशी दिवा लावला आणि फोनजवळ बसली.

फोन वाजला.

"ताई, पोचलोय," योगेश म्हणाला. "राईड चालू आहे. गर्दी खूप आहे. स्पीकर लावलाय."

मागे तेच गाणं. पोरांचा गलका. पाणी.

संध्यानं कान लावला. गाणं... गलका... परक्या भाषेतली कसलीशी सूचना...

आणि त्याच्या आतून, जणू कुणी मोबाईलला तोंड लावून बोलत होतं,

"आईऽऽ?"

आवाज तेवढाच लहान. मधली वर्षं त्या आवाजाला लागलीच नव्हती.

पलीकडे योगेशचा श्वास ऐकू येत होता. त्यालाही ऐकू आलं होतं.

"आई, मी रांग सोडली नाही."

तिनं पदर तोंडात कोंबला. रडत मारलेली हाक चालत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं श्वास घेतला, डोळे मिटले आणि घर दणाणेल अशी हाक मारली.

"चाल मयूर, घर चाल!"

"ओ."

ओ फोनमधून आली नव्हती.

ती मागून आली होती.

स्वयंपाकघराचं मागचं दार द्राक्षबागेकडे उघडायचं. त्याला कडी घालायची राहिली होती. दारात तो उभा होता, पाय धुळीनं माखलेले. "पप्पांची गाडी पंक्चर झाली," तो म्हणाला. "मी बागेतून चालत आलो. तू बोलावलंस ना, आई?"

आणि कुणी ये म्हटलं नसताना तो उंबरा ओलांडून आत आला.

संध्या फोनमध्ये ओरडली, "मयूर!"

"ओ," तो म्हणाला.

"मयूर, बाळा, तू ओ दे!"

"ओ, आई."

प्रत्येक हाकेला तो जरा आधी ओ देऊ लागला. शेवटी शेवटी तर नाव पुरं व्हायच्या आत. आणि तो हसत होता. मलेशियाहून आल्यापासून पहिल्यांदा.

फोनमध्ये फक्त गाणं उरलं होतं. बऱ्याच वेळानं योगेशचा आवाज आला. "ताई... तो बोलायचा थांबलाय."

मयूर आता कॉलेजला जाईल एवढा झालाय. सुट्टीत दुकान सांभाळतो. नम्र आहे, कष्टाळू आहे, आणि नावानं हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देतो. अमितला याहून जास्त काही नको. संध्या त्याला जेवायला वाढते, ताप आला तर उशाशी बसते. फक्त नावानं हाक मारत नाही. मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, "ते नाव आहे कुठे माझ्याकडे?"

पुढचं मावशीला माहीत नाही. ते योगेशमामानं मला एकटीला सांगितलंय, आणि ते कुणाला सांगावं हे मला कळत नाही.

२००९ मध्ये भारतात परत यायच्या आधी तो पुन्हा एकदा त्या पार्कमध्ये गेला. राईडला गर्दी होती. लोक एकमेकांना खेटून उभे होते. तरी रांगेत एका ठिकाणी जागा रिकामी होती. लहान मूल उभं राहील एवढीच. मागचा माणूस ती भरत नव्हता, पुढचा मागे सरत नव्हता. रांग सरकली की ती जागाही सरकायची.

योगेश कठड्याला धरून बघत राहिला. जागा हळूहळू पुढे गेली, अगदी राईडच्या फाटकापर्यंत पोचली. तिथे पाटी आहे. लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत.

फाटकावरच्या मुलीनं तिथं क्षणभर खाली पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि मागच्या माणसाला आत घेतलं.

योगेशनं रांगेच्या शेवटाकडे पाहिलं.

शेवटचा माणूस उगाचच थोडा पुढे सरकून उभा राहिला होता. त्याच्यामागे नवीन आलेलं कुटुंब थांबलं, मधे तेवढीच जागा सोडून.