हेलियम काही गोठेना

शीतशाळेच्या परीक्षेत मला तीन वायू गोठवायचे होते आणि तिसरा काही केल्या ऐकत नव्हता.

परीक्षा तासाभराची. पास झाले तर सांगलीबाहेरच्या या शीतशाळेत अख्खा उन्हाळा प्रयोग करायला मिळणार, नापास झाले तर पुढची संधी थेट तीन वर्षांनी, म्हणजे २०७१ साली. तोवर कोण थांबणार! परीक्षक तांबोळी मॅडम काचेपलीकडे बसल्या होत्या. माझ्याशेजारी गारठ्या नावाचा यंत्रमानव उभा होता. त्याला प्रश्न विचारायची मला मुभा होती, पण युक्ती तो सांगणार नव्हता.

नायट्रोजन उणे २१० अंश सेल्सिअसला गोठला, हायड्रोजन उणे २५९ ला. मी लगेच फुशारले. आमचं कुल्फीचं दुकान आहे हो, पणजोबांपासूनचं! गोठवणं म्हणजे आमच्या हातचा मळ.

मग आला हेलियम. त्याचा द्रव व्हायलाच उणे २६९ अंश लागले. तो त्याचा उत्कलनबिंदू (द्रव उकळून त्याची वाफ होते ते तापमान), सगळ्या मूलद्रव्यांत सर्वांत कमी. मी थंडी वाढवत गेले. उणे २७०, २७१, २७२. द्रव आपला मजेत डुलतोय!

"गारठ्या, अजून किती खाली जाता येईल?"

"उणे २७३च्या जरासं खाली थंडीच संपते. त्याला निरपेक्ष शून्य (याहून कमी तापमान असूच शकत नाही अशी पातळी) म्हणतात. तिथपर्यंत नेलंस तरी हा नुसत्या थंडीनं गोठणार नाही, कस्तुरी."

"काय? मग मॅडमनी फसवलं की मला!"

"प्रश्न नीट विचार," तो म्हणाला.

पंधरा मिनिटं उरली होती. मला रडूच यायला लागलं. नाक पुसत मी विचारलं, "बाकीचे पदार्थ कसे गोठतात मग?"

"त्यांचे अणू एकमेकांना ओढून धरतात. थंडीनं अणूंची हालचाल मंदावली की ती पकड जिंकते आणि पदार्थ घट्ट होतो. लोखंडात पकड जबर, म्हणून ते वितळायला दीड हजारांहून जास्त अंश लागतात. हेलियमचे अणू एकमेकांना जेमतेम धरतात आणि हलके तर इतके, की निरपेक्ष शून्यालाही त्यांची चुळबुळ थांबत नाही."

"अगदी आमचा वर्ग! मग बाई चौघाचौघांना एका बाकावर कोंबतात. हलायला जागाच नसली की..."

मी हेलियमच्या नळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नळी मी काठोकाठ भरलीच नव्हती! कुल्फी गोठताना फुगते, म्हणून साच्यात बोटभर जागा सोडायची, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आलेय. हातांनी सवयीनं इथंही तेच केलं. हेलियमला मी बागडायला अंगण दिलं होतं!

मी घाईघाईनं नळी भरली आणि वरून दट्ट्या दाबत गेले. हवेच्या दाबाच्या दहापट, वीसपट, तीसपट.

काहीच दिसेना. नळी होती तशीच स्वच्छ.

"गोठला?" मॅडमनी विचारलं.

"गारठ्या, घन हेलियम दिसतो तरी कसा?"

"द्रवासारखाच. आरपार."

आता आली का पंचाईत! चारच मिनिटं उरली होती. नळीत लोखंडाची एक इवलीशी ढवळणी होती, बाहेरून चुंबकानं फिरवायची. मी चुंबक फिरवला. ढवळणी जागची हलेना.

"अडकली! मॅडम, अडकली!" मी किंचाळले. दाब कमी केला, ढवळणी गरगरली. पुन्हा वाढवला, पुन्हा घट्ट.

मॅडम उठून आत आल्या आणि त्यांनी स्वतः चुंबक फिरवून पाहिला.

"थंडीनं सगळं गोठतं, असं कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही. मीच धरून चालले होते," मी खाली मान घालून म्हणाले.

"आम्हीही बरंच काही धरून चालतो गं. अतिथंड झालेला हा द्रव भांड्याच्या भिंती चढून बाहेर पळतो. त्याच्या सगळ्या खोड्या अजून आम्हालाही कळलेल्या नाहीत. त्याच्यामागे लागायला एक माणूस कमीच पडतंय." मॅडम हसल्या. "सोमवारी ये. आणि दोन स्वेटर आण."