तोंड तिचं, आवाज दुसरीचा

नेट गेलं व्हय रे रोहित? जाऊ दे. मोबाईल ठिव उपडा. आन् ज्ञानदा, तू बी सरक हिकडं, गच्चीच्या कडंला बसू नको. आयटीत कामाला लागलात म्हनून काय अंधार तुमाला भितो का? पिच्चर बघायचा व्हता ना तुमाला, मग एका पिच्चरचीच गोष्ट सांगतो. बनावट न्हाई. रिहे गावचा गेणबा, माझ्या मावसभावाचा साडू. मानूस अजून जित्ता हाय. उद्या चला, दावतो.

कोजागिरीनंतरची संकष्टी व्हती. दिस मावळायच्या आत गेणबा घोटावड्याला गेला, टीव्हीचा रिचार्ज मारायला. साधं काम. येताना शेंगदान्याचं लाडू घेतलं. उपासाचं. खरं तर संकष्टी धरायची त्याची बायकू, रंभाबाई. ती गेली आन् ह्यानं उपास पुढं चालवला. ती चंद्र बघितल्याबिगर घास घेत नसायची. आन् ह्यो गडी काय करायचा, चंद्र उगवला की टीव्हीवर रंभाबाईचं तोंड बघायचा, मग उपास सोडायचा. महिन्यातनं एकदा. तेवढंच.

टीव्हीवर कुटनं आली म्हनतीस, ज्ञानदा? सांगतो की.

नवी नवरी व्हती रंभा, तवा रिह्याच्या ओढ्यावर शूटिंग आलं व्हतं. सीन लई बारका. हिरो दमून येतो, पानवठ्यावरची बाई त्याच्या ओंजळीत घागरीनं पानी वतती आन् वाट सांगती. शहरातनं आनलेल्या पोरीला घागर काय कमरंवर ठरंना. दिग्दर्शकानं गर्दीत बघितलं आन् रंभाला पुढं काढलं. वाक्य दिलं, "सांभाळून जा, वाट निसरडी आहे." रंभानं पानी वतलं आन् तिच्या तोंडात आलं तसं म्हनली, "जपून जावा. वाट निसरडी हाय." समद्यांनी टाळ्या वाजवल्या. गेणबा छाती काढून घरला आला.

पिच्चर लागला तवा अर्धी वाडी टेम्पोत बसून पुन्याला गेली. पडद्यावर आली की रंभा. पदर, घागर, समदं तिचं. आन् तिनं तोंड उघडलं, तर आत कुना भलत्याच बाईचा आवाज. लाडीक. "सांभाळून जा, वाट निसरडी आहे." वाडी खो खो हसली. येताना रंभा टेम्पोत कोपरा धरून बसली. घरी आल्यावर एवढंच म्हनली, "तोंड माझं चाललं, आवाज न्हाई चालला त्यांना." त्या दिसापास्नं जलमात परत कॅमेऱ्यापुढं उभी राह्यली न्हाई. लग्नकार्यात कुनी मोबाईल काढला की पदर आडवा. आधार कार्डावरचा फोटू तेवढा हाय, तो बघून तिची आई बी वळखायची न्हाई.

पर गेणबाला तिचं कौतुक. पिच्चरची तबकडी, सीडी म्हनत्यात ती, इकायला आली तवा पुन्यास्नं घेऊन आला. रंभानं ती पैठनीच्या घडीत ठिवली. रागवायची, आन् घरात कुनी नसलं की लावून बी बघायची.

पुढं पोरगा कमवायला लागला. अमोल, घोटावड्याच्या कंपनीत. त्यानं नवा टीव्ही आनला, समदं नेटवरनं दिसनारा. जुन्या तबकड्या पडल्या घरात. आता आपल्याकडं जुन्या तबकड्यांचं काय करत्यात? भातावर बांधत्यात. उनात चमकल्या की पाखरं बसत न्हाईत. गेणबानं समद्या गोळा केल्या, रंभाची बी काढली. ती म्हनली, "माझी तेवढी ठिवा बाजूला."

"अगं, पिच्चर आता वरनं येतो, नेटवरनं. कवाबी लाव आन् बघ. त्यो काय पळून चाललाय व्हय?"

मग दोऱ्याचं टोक रंभानंच धरलं, आन् ह्यो गाठी मारत गेला. फुडल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत कळ आली. पौडाला दवाखान्यात न्हेईपत्तुर संपली. तबकड्या मातूर दर साली भातावर चढत राह्यल्या.

तर त्या संकष्टीला गेणबा रिचार्ज मारून आला. पाय धुतलं. चंद्र उगवायची वाट बघत बसला. घरात एकटाच, अमोलची रातपाळी. मग टीव्ही लावला. पाटी आली. "हा चित्रपट आता उपलब्ध नाही."

त्यानं बंद करून परत लावला. तीच पाटी. अमोलला फोन लावला.

"आबा, त्यांचा करार संपला की काढत्यात ते."

"आरं, आताच रिचार्ज मारून आलोय मी."

"ते बघायचं पैसं असत्यात आबा. पिच्चर आपला नसतो. तुमी जेवून घ्या."

गेणबानं फोन ठिवला. लाडू तसंच पुडीत. आन् त्याच्या ध्यानात आलं. आपला व्हता की. घरात व्हता, पैठनीच्या घडीत. आपनच काढून पाखरांना दिला.

चप्पल बी न घालता उठला. हातात बॅटरी.

शेत घरामागंच, ओढ्याला लागून. चंद्र नुकता वर आलेला. भात पिकून वाकलेलं, गारवा सुटलेला, आन् वर समद्या तबकड्या वाऱ्यावर गरगर फिरत व्हत्या. लुकलुक लुकलुक. त्यातली रंभाची कुटली? नावं तर उनानं कवाच पुसून गेलेली. गेणबा बांधाच्या तोंडाशी उभा राह्यला आन् त्याला रडू फुटलं. म्हनला, "रंभे, मला तुझं तोंड बघायचं हाय गं. एकडाव."

वारा पडला.

समद्या तबकड्या थांबल्या. एकूनएक.

मधली एक... फिरत व्हती.

गेणबा बांधावर चढला. कुत्रं न्हाई, रातकिडा न्हाई. नुसती ती तबकडी. हळू. लई हळू.

दोन पावलं टाकली. आन् मागनं...

"जपून जावा."

गेणबा थांबला.

"वाट निसरडी हाय."

पोरांनो, पिच्चरमधी कुनाचा आवाज व्हता? लाडीक बाईचा. आन् बोल काय व्हतं? सांभाळून जा. ह्यो आवाज त्यो नव्हता. जपून जावा. शूटिंगच्या दिशी ओढ्यावर बोललेली, तेच. त्याच आवाजात. त्यो आवाज कुटल्या तबकडीत नव्हता, कुटल्या नेटवर नव्हता. कुनी ठिवलाच नव्हता.

त्यानं हात लांबवून तबकडी धरली. बॅटरी पडली कुटंतरी. चांदन्यात तबकडीत त्याला स्वताचं तोंड दिसलं. आन् खांद्यामागं... पदर. कमरंवर घागर.

रंभा.

वळला न्हाई तो. वळून बघितलं आन् कुनी नसलं, तर? तबकडीत तर दिसतीय. तेवढं तरी राहू दे. डोळं मिटायची बी भीती. म्हनला, "चुकलं माझं. तुझी तेवढी ठेवाया पायजे व्हती."

आन् तबकडी दोन्ही हातांनी डोळ्यांपुढं धरून ठिवली.

...

सकाळी अमोल पाळीवरनं आला, घर उघडं. शेतात गेला तर बाप बांधावर उभा. अंग गारठलेलं, दोन्ही हातांनी तबकडी डोळ्यांपुढं धरलेली. अमोलनं ती सोडवून घेतली आन् उजेडात धरली. तबकडीचा चांदीचा मुलामा उनापावसानं कवाच उडून गेलेला. काचंसारखी आरपार. पलीकडचं भात दिसत व्हतं तिच्यातनं. तिच्यात कुनाचं तोंड दिसनार?

आता खरी गोष्ट आयका, कारन तितं संपली असती तर मी म्हनलो असतो, म्हाताऱ्याला उपासानं भोवळ आली.

शिमग्याच्या आधी त्यो पिच्चर परत आला. नेटवर. काढत्यात तसं घालत्यात बी. अमोल पळत आला, "आबा, आला आईचा पिच्चर." गेणबाला टीव्हीपुढं बसवला. शेजारची गोजराबाई बी आली, रंभाची मैतरीन. समद्यांना सीन पाठ.

हिरो उतारावरनं आला. दमलेला. पानवठ्यापाशी थांबला.

समोर कुनी न्हाई.

ओढा हाय, दगड हाय, झाड हाय. रंभा न्हाई. आन् त्या मोकळ्या जागेतनं आवाज आला, त्या शहरातल्या बाईचा, लाडीक, जसाच्या तसा. "सांभाळून जा, वाट निसरडी आहे." हिरोनं मान डुलवली आन् पुढं गेला.

अमोलनं मागं घेऊन परत लावलं. तेच. गोजराबाई पदर तोंडाला लावून भाईर निघून गेली. गेणबा एवढंच म्हनला, "मी बोलावली ना तिला. ती हितं आली. आता तितं कशी दिसंल?" आन् तवा तो ढसाढसा रडला बघा, मयताला बी रडला नव्हता तसा. एकडाव बघायच्या पायी जलमभराचं तोंड घालवून बसला बिचारा. अजून संकष्टी धरतो. चंद्र बघून सोडतो आता, दुसरं काय बघनार.

लोकं म्हनत्यात, कंपनीनं कापलं असंल, नवी प्रत असंल. असंल बाबा. पडताळा कशावर घ्यायचा? तबकडी तर काच झालेली.

आलं का रे नेट, रोहित? उजेड दिसतोय मोबाईलचा. लाव मग, तुझं तूच बघ. पर मला एक सांग, कापायचं असतं तर समदाच सीन कापला असता का न्हाई? हिरो वाकून ओंजळ धरतो, ते तसंच ठिवलंय. वर घागर न्हाई. हात न्हाई.

आन् ओंजळ भरती.