सातवी फ्रेम

त्या रविवारी मनकर्णाबाईंनी सकाळी मुगाच्या वड्या घातल्या, दुपारी डोक्याला तेल लावलं आणि चारच्या सुमाराला कोशाची रेशमी साडी नेसून अंगणातल्या खुर्चीवर येऊन बसल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून घरादाराचा एक फोटो काढायचा होता, आणि तो काढणार होती त्यांची लेक उत्कर्षा.

उत्कर्षा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. चाळिशी ओलांडल्यावर तिने एक जुना कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांपासून ती ऑनलाइन धडे गिरवत होती. कौटुंबिक फोटोची वही तिने स्वतंत्र ठेवली होती. उंच माणसं मागे. दोन ओळींत हातभरापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर मागचे चेहरे धूसर येतात. कुणाच्या डोक्यातून झाड उगवल्यासारखं दिसता कामा नये. एकावर थांबू नये, दहाबारा फ्रेम घ्याव्यात. एखाद्याचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फ्रेममधला त्याचा चेहरा उचलून बसवता येतो.

"बाबा, हात मांडीवर ठेवा. मुठी आवळू नका."

"मी का चोरी करून राहिलो का वं?" भैयालाल म्हणाले. पोलादाच्या प्लँटमधून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण आवाज अजून भट्टीपाशी उभं असल्यासारखाच होता. "ठाण्यात उभं केल्यावानी करून राहिली आमाले."

मागे उत्कर्षाचा भाऊ भूपेंद्र, त्याची बायको वंदना आणि त्यांची सोळा वर्षांची टीना. "बुआ, जल्दी करो ना," टीना कुरकुरली. "धूप आँख में लग रही है."

उत्कर्षाने कॅमेऱ्यातून पाहिलं. सगळं ओळीत होतं. फक्त एक खटकत होतं.

"आई, ओठ मिटून हस. दात नको दाखवू."

"काहून? माहे दात पळून चालले का?"

"फोटोत बरं दिसत नाही."

मनकर्णाबाईंनी एकवार लेकीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

त्या दातांना गुडाखू लावायची सवय होती. गोंदियाकडची ही पोरगी लग्न करून हिंदी मुलखात, रुआबांध्याला आली आणि शेजारणीकडून ते शिकली: गुळात मळलेल्या तंबाखूचा ओला, काळा लगदा बोटाने हिरड्यांना चोळायचा, तोंड भरेपर्यंत धरायचा आणि मग मागच्या नळापाशी जाऊन थुंकायचा. दिवसातून पाचदा, सहादा. दात मुळाशी काळे पडले होते. बोटाचं नख कायम तपकिरी. त्याच बोटाने कणीक मळली जाई. आठव्या वर्षी उत्कर्षाने आईच्या ताटात जेवणं सोडलं. पुढे आपला पेला वेगळा केला, मग टॉवेल, मग कप. आई मुका घ्यायला वाकली की तिला काहीतरी काम आठवे. त्यावर उत्कर्षा एक शब्दही कधी बोलली नाही. हा आपला सुसंस्कृतपणा आहे, असं तिला वाटत असे.

सहा फ्रेम झाल्या. सातव्या वेळी भैयालाल कॅमेऱ्याकडे बघतच पुटपुटले, "लग्नातबी अशीच बसली होती. मले वाटलं, मुकी पोरगी गळ्यात बांधून राहिले."

मनकर्णाबाई खदखदून हसल्या. त्याच क्षणी खटका दाबला गेला.

संध्याकाळी उत्कर्षाने लॅपटॉपवर पाहिलं. सातवी फ्रेम निर्दोष होती. पाचही जण जिवंत, सैल, एकमेकांकडे झुकलेले. अशी फ्रेम तिला पहिल्यांदाच साधली होती. आणि मधोमध ते उघडं तोंड. काळे दात, खालच्या ओठावर तपकिरी लाळेची तार. उन्हात ती चकाकत होती.

तिने चौथ्या फ्रेममधला मिटलेल्या ओठांचा चेहरा उचलला आणि तिथे बसवला. जोड कुठे दिसत नव्हता. खाली खांदे मात्र हसण्याने वर उचललेले तसेच राहिले. मग तिने मूळ सातवी फ्रेम पुसून टाकली, कार्डावरूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयालालांना बायको मागच्या नळापाशी पडलेली दिसली. नळ वाहत होता. बोट तोंडातच होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंघोळ घालायला जामुलहून सिंधूमावशी आली, मनकर्णाबाईंची धाकटी बहीण. तिने ओल्या फडक्याने बहिणीचं तोंड आतून पुसलं. फडकं तपकिरी झालं. पिळलं, पुन्हा पुसलं.

"ये वं," ती उत्कर्षाला म्हणाली. "लाव हात. आई होय तुही."

"मी पाणी टाकते," उत्कर्षा म्हणाली. ती तांब्या घेऊन चार पावलं लांब उभी राहिली. मोरीकडे जाणारा तो ओघळ तिने पाहिला आणि भिंतीआड जाऊन ती ओकली. लोकांना ते दुःख वाटलं.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. चांगला तो जोडलेला एवढाच होता. उत्कर्षाने त्यातून आईला कापून घेतलं आणि मोठा करून मढवून आणला. भैयालालांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"हे तिचं तोंड नोहे."

"आईच आहे, बाबा."

"हासतानाची होती न एक? तू खटका दाबला तवा हासत होती ते. मी बाजूलेच होतो."

"ती हलली होती. नीट आली नाही."

"हलली तर हलू दे न, पोरी. पाह्य, असंल तर."

तेरवीपर्यंत ते रोज विचारत राहिले. सकाळच्या चहाला एकदा, झोपायच्या आधी एकदा. आणि ती रोज सांगत राहिली, शोधते.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मावशी परत निघाली. जायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो होऊ दे, असं तीच म्हणाली. भैयालाल मधल्या खुर्चीवर बसले, मांडीवर मढवलेला फोटो. मावशी शेजारी. उत्कर्षाने कॅमेरा तिकाटण्यावर लावला, दहा सेकंदांचा टायमर दिला आणि धावत जाऊन बाबांच्या मागे उभी राहिली. असं नऊ वेळा. काचेवर उजेड चमकू नये म्हणून फोटो थोडा खाली कलता धरायला लावला. सगळं धड्यातल्यासारखं.

लगेच तिने लॅपटॉप उघडला.

पहिल्या फ्रेममध्ये मांडीवरच्या फोटोतली आई किंचित वेगळी वाटली. गाल भरल्यासारखे. काच कलती आहे, तिने स्वतःला सांगितलं.

तिसरीत गालांवरच्या सुरकुत्या नव्हत्या.

तिने पुन्हा एकेक फ्रेम तपासली. बाबांची बोटं, चौकटीची नक्षी, मावशीचं कुंकू, सगळं जिथल्या तिथे. काच वाकडी दिसती तर चौकटही वाकडी दिसली असती. पाचवीत ओठ पातळ झाले होते, आतून काहीतरी ढकलत असल्यासारखे. सातवीत हनुवटीला गोळा आला होता. नवव्या फ्रेममध्ये दोन्ही गाल तट्ट फुगलेले, आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढा तपकिरी ठिपका.

डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते.

तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. बैठकीत पाहुणे असले आणि आईचं तोंड भरलेलं असलं की आई अशीच बसायची. विचारलं तर मान हलवायची. डोळे तेवढे मागच्या दाराकडे लागलेले, उठायला कधी मिळतं याची वाट पाहत.

टीना मागून डोकावली. "छी, बुआ! ये क्या एडिट किया आपने आजी का?" तिने तोंडावर हात धरला. "डिलीट करो. आजोबा पाहतील न."

"मी काही केलं नाही."

"तो फिर किसने किया?" टीना म्हणाली आणि दप्तर उचलून नेहरू नगरच्या क्लासला निघून गेली.

मावशीला सोडायला भूपेंद्रने गाडी काढली. भैयालाल आणि वंदनाही बसले. फाटकापाशी भैयालालांनी मागे वळून विचारलं, "सापडली का वं ती?"

"शोधते, बाबा."

गाडी गेली. दुपारचा एक वाजला होता. पंखा फिरत होता. बैठकीत स्टुलावर आईचा फोटो, त्याला चंदनाचा हार.

उत्कर्षा दारात थांबली.

आधी वास आला. गोडसर, ओलसर, तंबाखूचा. लहानपणी आई वाकली की यायचा तोच. तिच्या जिभेखाली पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

ती जवळ गेली. आता कॅमेरा मध्ये नव्हता.

गाल फुगलेले होते. कोपऱ्यातला ठिपका हरभऱ्याएवढा झाला होता.

तिने पदराने काच पुसली. काच कोरडी होती. डाग आतल्या बाजूला होता.

मग तिला श्वास ऐकू आला. नाकाने घेतलेला, आखूड, जपून. तोंड भरलेल्या माणसाचा.

पळून जावं, असं तिच्या सगळ्या अंगाला वाटलं. फोटो पालथा करावा, कपाटात टाकावा, आणि बाबांना शोधते म्हणून सांगत राहावं. ते आणखी वर्षभर विचारतील. मग विचारणं सोडतील.

"उघड तोंड," ती म्हणाली.

ओठ मिटलेलेच राहिले. सांगितलं होतं तसे.

"आई, मी खोटं बोलली बाबाशी."

श्वास थांबला.

"ती फोटो हलली नव्हती. सगळ्यात चांगली तीच आली होती. तू हासत होती. मीच पुसली."

डोळे दाराकडून तिच्याकडे वळले.

उत्कर्षाने दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि चौकटीच्या खाली, त्या हनुवटीपाशी धरली. तिने तोंड फिरवलं नाही.

"मले किळस येत होती तुही," ती म्हणाली. "लहानपणापासून. तुह्या तोंडाची, तुह्या बोटाची, तुह्या उष्ट्या कपाची. मेल्यावर तुले हात नाही लावला, तोही त्याच्यासाठीच. बाबाले सांगतो मी आज. आता थुंक."

काच कोरडीच होती. ओंजळीत मात्र काहीतरी कोमट पडलं, आणि पडतच राहिलं.

"आताही येऊन राहिली, आई," उत्कर्षा म्हणाली. "आताही किळस येऊन राहिली."